सेल्फ-टेपचं किट: कॉलर माइकला साडेचार तारे, रिंगलाइटला दोन

सेल्फ-टेप, म्हणजे घरीच फोनवर चित्रित करून पाठवायची ऑडिशन, करायची म्हणून ‘ऑडिशन किट’ असं शोधलं की सगळ्या दुकानांत थोड्याफार फरकाने एकच संच दिसतो. दहा इंची रिंगलाइट, सात फुटी स्टँड, वर्तुळाच्या मधोमध फोन अडकवायचा चिमटा, छोटं ब्लूटूथ बटण, एक कॉलर माइक आणि वर फुकट म्हणून हिरवं कापड. मालिकेत किंवा सिनेमात काम शोधणाऱ्या मुलीच्या घरी हल्ली पोर्टफोलिओच्या आधी हा खोका येतो. आणि बहुतेक घरांत तो उलट्या क्रमाने वापरला जातो: लाइट लगेच लागतो, कापड भिंतीवर चढतं, माइक मात्र खोक्यातच राहतो.

संच टाकाऊ नाही, पण तो जमवलाय दुसऱ्याच कामासाठी. मेकअपच्या व्हिडिओत आणि रीलमध्ये चेहरा सपाट, गुळगुळीत आणि कॅमेऱ्याच्या अगदी नाकाशी हवा असतो. कास्टिंगवाल्याला, म्हणजे भूमिकेसाठी कलाकार निवडणाऱ्याला, नेमकं उलट हवं: गालांची हाडं, नाक, डोळे, उंची, उभं राहण्याची ढब आणि सगळ्यात आधी आवाज. म्हणून संचाला एकगठ्ठा तारे देण्यात अर्थ नाही. एकेक वस्तू सुटी करून बघू.

त्याआधी एवढंच, की हे सगळं लागतंच का, असा प्रश्न आईवडील विचारतात आणि तो रास्त आहे. रिंकू राजगुरू अकलूजमध्ये शाळेत होती तेव्हाच दिग्दर्शकाच्या नजरेस पडली. ‘सैराट’ २०१६ च्या एप्रिलअखेर लागला, पण त्याच्या महिनाभर आधीच ६३ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला होता. असं घडतं, पण त्याच्यावर भिस्त ठेवून कुणी घरी बसत नाही. २०२० च्या टाळेबंदीनंतर सेल्फ-टेप रुळली ती रुळलीच. पूर्वी मुंबईत उतरून वर्सोव्याच्या आरामनगरात कास्टिंगचं एकेक ऑफिस पालथं घालावं लागायचं. आता त्याच आरामनगरातून संध्याकाळी सीनची दोन पानं व्हॉट्सॲपवर येतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टेप हवी असते. बार्शीची मुलगी असो की सावंतवाडीची, पहिली चाळणी फोनवरच होते.

माइक

इथे पैसे घाला. ज्याला टेप बघायची आहे तो ती बहुतेकदा फोनवर, कानात इअरफोन घालून, एकामागून एक अशी बघतो. चित्र थोडं अंधारं असेल तर तो चालवून घेतो. आवाज विहिरीतून आल्यासारखा असेल तर दहाव्या सेकंदाला पुढची टेप सुरू होते. फोनचा स्वतःचा माइक सहा फुटांवरून मुलीबरोबर आख्खी खोली ऐकतो: पंखा, फ्रिज, शेजारची कुकरची शिट्टी, आणि भिंतींवरून परत आलेला तिचाच आवाज.

तारेच्या कॉलर माइकांत बोया बीवाय-एम१ हा जुना, सगळीकडे मिळणारा आणि अजूनही पैसे वसूल करणारा माइक आहे. हजार रुपयांच्या आत-बाहेर मिळतो. तार ६ मीटर लांब, म्हणजे फोन सहा-आठ फुटांवर ठेवून पूर्ण उंचीचा शॉट घ्यायलाही पुरते. तारेवर एक छोटी डबी असते, तिच्यावरच्या खटक्याला दोन जागा आहेत: एक स्मार्टफोनसाठी, एक कॅमेऱ्यासाठी. फोनला लावताना खटका ‘ऑफ/स्मार्टफोन’कडे हवा. निम्म्या तक्रारी या खटक्याच्या असतात. माइक चांगला, खटका चुकीचा. आत एलआर४४ ही बटणासारखी बॅटरी जाते, ती फक्त कॅमेऱ्यासाठी. फोनपुरतंच वापरणार असाल तर ती काढूनच ठेवा, नाहीतर वर्षभराने तिथे गळून डबी खराब होते.

मर्यादा दोन. हा माइक चहूबाजूंनी ऐकतो, म्हणून रिकाम्या खोलीतला घुमारा तो थांबवू शकत नाही. तो फक्त तोंडाजवळ असल्यामुळे घुमाऱ्यापेक्षा आवाज पुढे येतो. आणि त्याची पिन ३.५ मिमीची आहे. नव्या फोनला ते भोकच नसतं. मग टाइप-सी ते ३.५ मिमी जोडणी घ्यावी लागते आणि इथे शंभर रुपये वाचवायला गेलात तर फसगत ठरलेली. सगळ्यात स्वस्त जोडण्यांत नुसती तार असते. अनेक फोनांना आत आवाजाची चिप असलेली जोडणी लागते. ती ‘डॅक’वाली म्हणून मिळते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत घेणार असाल तर फोन आणि माइक दोन्ही बरोबर न्या आणि काउंटरवरच रेकॉर्ड करून ऐका.

जोडल्यावरही काही अँड्रॉइड फोनांचं स्वतःचं कॅमेरा ॲप बाहेरचा माइक घेतच नाही, गुपचूप आतलाच वापरतं. ओळखायची युक्ती सोपी: रेकॉर्डिंग सुरू करून कॉलरवरच्या माइकवर नखाने हलकेच टिचकी मारा, मग फोनच्या खालच्या कडेवर मारा. ऐकताना कुठली टिचकी मोठी येते ते बघा. फोनची मोठी आली तर ‘ओपन कॅमेरा’ हे फुकट ॲप टाका. त्याच्या व्हिडिओच्या सेटिंगमध्ये आवाजाचा स्रोत निवडता येतो, तिथे ‘एक्स्टर्नल माइक’ करा.

लावायचा कुठे? हनुवटीखाली एक वीत. त्याहून वर घेतला तर हनुवटीच्या आडोशाने आवाज दबका येतो, खाली गेला तर खोली ऐकू येते. कुर्त्याला मधोमध क्लिप सरळ बसते. साडीवर खरी गंमत आहे. पदराच्या कडेला लावला की प्रत्येक श्वासाला जरीची खरखर येते. सिल्क आणि पॉलिएस्टर दोन्ही यात बदनाम. तिथे क्लिप ब्लाउजच्या गळ्याला, पदराच्या आतल्या बाजूने लावा, तारेचा एक छोटा वेढा करून तो औषधाच्या दुकानातल्या कागदी चिकटपट्टीने आतून चिकटवा. वेढ्यामुळे तार ओढली गेली तरी धक्का माइकपर्यंत पोचत नाही. मंगळसूत्र भूमिकेला हवंच असेल तर ते माइकच्या वर येईल असं आखूड करा. वाटी माइकवर आपटली की टाळी वाजल्यासारखं ऐकू येतं. मोकळे केस एका बाजूला. बांगड्या सीनमध्ये लागत नसतील तर उतरवा. माइक दिसला तरी चालतो, ऑडिशनमध्ये कुणी त्याचे गुण कापत नाही.

बिनतारी माइक? बाजारात के-८, के-९ अशा नावांनी मिळतात, एक तुकडा फोनच्या खाली खोचायचा, दुसरा कॉलरला. हालचाल असलेल्या सीनला सोयीचे. पण त्यांच्यातली आवाज गाळण्याची सोय चालू राहिली की ती हळू बोललेलं वाक्यच गोंगाट समजून खाते. कुजबुज, हुंदका, वाक्याच्या शेवटी उतरलेला सूर, म्हणजे नेमका अभिनय, तिथेच गायब होतो. ती सोय बंद करता येत असेल तर घ्या. शिवाय ओठ आणि आवाज जुळतात का तेही एकदा टाळी वाजवून तपासा. तारेच्या माइकला साडेचार तारे, या मंडळींना तीन.

खोलीचं काय? लादी, उघड्या भिंती आणि काचेची कपाटं म्हणजे घुमारा. कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या बाजूला गाद्या उभ्या करा, दोरीवर रजई टाका, पायाखाली सतरंजी. पंखा बंद, फ्रिज दहा मिनिटं बंद (आणि परत चालू करायची आठवण म्हणून घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, हा शूटिंगच्या युनिटवाल्यांचा जुना उपाय अजून चुकलेला नाही). दुपारी दोन ते चार ही बहुतेक सोसायट्यांतली सगळ्यात शांत वेळ.

रिंगलाइट

आता खोक्यातल्या हिरोकडे. दोन तारे, आणि तेही ज्या पद्धतीने तो वापरा म्हणून चित्रात दाखवतात त्या पद्धतीने नव्हे.

दहा इंची दिवा ५ व्होल्टवर, यूएसबीने चालतो. हा त्याचा मोठा गुण: वीज गेली तरी पॉवर बँकेवर टेप पूर्ण होते. पण त्याला २ अँपिअर लागतात. लॅपटॉपच्या भोकात खोचला की तो मंद जळतो किंवा थरथरतो. फोनच्या चार्जरला लावा. पांढरा, पिवळा आणि दोन्ही मिळून असे तीन रंग असतात. दिवसा खिडकीच्या उजेडात पांढरा वापरा आणि घरातले पिवळे बल्ब बंद ठेवा, नाहीतर एक गाल निळसर आणि दुसरा हळद लावल्यासारखा दिसतो.

चित्रातली पद्धत, म्हणजे मधल्या चिमट्यात फोन आणि समोर चेहरा, तीन कारणांनी नडते. पहिलं, दहा इंची दिव्याचा उजेड दीड-दोन फुटांपर्यंतच नीट पुरतो. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो. म्हणून मुलगी दिव्याला चिकटून बसते आणि फोनही तेवढाच जवळ येतो. दुसरं, फोनची नेहमीची लेन्स रुंद असते. दोन फुटांवरून तिच्यात नाक मोठं, कान मागे गेलेले आणि कपाळ फुगलेलं दिसतं. त्या मुलीचं नाक तसं नसतं. तिसरं, उजेड थेट समोरून आल्याने गालाची आणि नाकाची सावलीच उरत नाही, चेहरा पासपोर्ट फोटोसारखा होतो. आणि डोळे जवळून बघा: बुबुळात एक पांढरं वर्तुळ, बांगडीसारखं. चष्मा असेल तर दोन. सीन बापाच्या चितेसमोरचा आणि डोळ्यांत बांगडी, हे प्रेक्षकाला कळत नसेल, रोज टेपा बघणाऱ्याला पहिल्या फ्रेममध्ये कळतं.

मग हाच दिवा वापरायचा कसा? चिमट्यातून फोन काढा. फोन वेगळ्या स्टँडवर, पाच-सहा फुटांवर, डोळ्यांच्या उंचीला. फोनला २एक्सची वेगळी लेन्स असेल तर ती. नसेल तर १एक्स ठेवून तेवढंच जवळ या की फ्रेम छातीपासून डोक्यावर चार बोटं एवढी बसेल. दिवा मुलीच्या एका बाजूला, साधारण ४५ अंशांवर, डोळ्यांपेक्षा फूटभर वर, फ्रेमच्या अगदी काठाबाहेर. त्याच्यासमोर पांढरं सुती कापड किंवा बटर पेपर चार-सहा इंच अंतर ठेवून टांगा. वर्तुळ मोडतं आणि उजेड मऊ होतो. दुसऱ्या बाजूला पांढरा जाड कार्डशीट उभा करा, म्हणजे अंधाऱ्या गालावर उजेड परततो. युनिटमध्ये या कामाच्या पाटीला थर्माकोलच म्हणतात, मग ती कशाचीही असो.

दिवा मंद करायचा मोह टाळा. स्वस्त दिवे मंद करताना खरं तर भराभर चालू-बंद होतात आणि व्हिडिओत आडवे पट्टे वर सरकताना दिसतात. पूर्ण उजेडावर ठेवून दिवाच मागे न्या. घरातल्या ट्यूबमुळेही पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून फोनच्या प्रो व्हिडिओमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे जातात. १/६० वर ठेवलं तर येणारच.

मात्र पूर्व किंवा उत्तरेची मोठी खिडकी घरात असेल तर सकाळी नऊ ते अकरा या वेळेत रिंगलाइटची गरजच नाही. खिडकी मुलीच्या बाजूला घ्या. पाठीमागे नको, नाहीतर चेहरा काळा. थेट ऊन येत असेल तर जुना पांढरा पडदा. चार-पाच हजारांचा अठरा इंची दिवासुद्धा त्या उजेडाला हरतो. अठरा इंची घ्यायचा तर फक्त एका कारणासाठी: टेपा नेहमी रात्रीच कराव्या लागत असतील. नोकरी किंवा कॉलेज करून ऑडिशन देणाऱ्या मुलींचं तसंच असतं, तेव्हा हे कारण छोटं नाही.

कापड आणि स्टँड

हिरवं कापड फरशी पुसायला ठेवा. ते मागची जागा बदलण्यासाठी असतं. ऑडिशनमध्ये कुणी मागची जागा बदलत नाही, आणि त्याच्यावरून परतलेला हिरवा उजेड गळ्यावर आणि जबड्यावर बसतो, मुलगी आजारी दिसते.

घरची पांढरी भिंतही तितकी चांगली नाही. फोन आपोआप उजेड मोजतो, एवढं पांढरं दिसलं की सगळं चित्र अंधारं करतो आणि सावळ्या मुलीचा चेहरा आणखी काळवंडतो. मग ‘ब्राइटनेस’ वाढवून बघतात, तर भिंत जळते, म्हणजे नुसती पांढरीफटक होते. उपाय म्हणजे राखाडी किंवा करडा-निळा. मंगलदास मार्केटमधून किंवा लक्ष्मी रोडवरून जाड, न चमकणारं सुती कापड घ्या. रंगवलेलं मांजरपाटही उत्तम. छातीपर्यंतच्या शॉटला पाच फूट रुंदी पुरते, पूर्ण उंचीच्या शॉटला आठ फूट रुंद आणि दहा फूट लांब हवं, जोड उभा येऊ द्या. इस्त्री करा. सुरकुतलेलं कापड मागे असलं की बघणाऱ्याची नजर सुरकुतीवर जाते. मुलीने कापडापासून तीन-चार फूट पुढे उभं राहायचं, म्हणजे सावली मागे खाली पडते आणि कापड किंचित धूसर होतं.

कपड्यांबद्दल दोनच गोष्टी. बारीक चौकडी आणि बारीक रेघा टाळा, फोनमध्ये त्यांच्यावर पाण्यासारख्या लहरी उठतात. आणि कापडाच्याच रंगाचा कुर्ता नको, नुसतं डोकं तरंगताना दिसतं. स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचायच्या तेव्हा जीन्सवरच साडी गुंडाळून बसायच्या, हा किस्सा सगळ्यांना ठाऊक आहे. वृत्तनिवेदिकेचं टेबल ते झाकून घेत होतं. टेपमध्ये टेबल नसतं. पूर्ण उंचीचा शॉट मागतातच, तेव्हा खालीही साडीच.

सात फुटी स्टँड हलका असतो, पंख्याच्या वाऱ्यानेही डुलतो. दोन लिटर पाण्याच्या बाटल्या पिशवीत घालून मधल्या दांड्याला लटकवा, काम होतं. दिवा त्याच्यावर ठेवून फोनसाठी वेगळा ट्रायपॉड घ्यावा लागेल हे खरेदीच्या वेळीच धरून चाला. फोर्टला बोरा बाजारात वापरलेले ट्रायपॉड स्वस्तात मिळतात. डोकं ताठ उभं राहतं का आणि पायांचे चिमटे घसरत नाहीत ना, एवढं बघा. ब्लूटूथ बटणाला मात्र पाचपैकी पाच, एकटीने टेप करणारीचं ते निम्मं युनिट आहे.

फोनमध्ये काय लावायचं

मागचा कॅमेरा, फोन आडवा, १०८०पी, २५ किंवा ३० फ्रेम. फोर-के नको, फाइल फुगते आणि बघणारा ती कधीच फोर-केमध्ये बघत नाही. ब्यूटी मोड पूर्ण बंद. तो बऱ्याच फोनांत शून्यावर आणला तरी ‘ऑटो’मध्ये चालूच राहतो, म्हणून त्वचेचे छिद्र-डाग दिसतायत ना हे मोठं करून बघा. आयफोन १२ किंवा नंतरचा असेल तर एचडीआर व्हिडिओ बंद करा. नाहीतर तुमच्या फोनवर छान दिसलेला चेहरा दुसऱ्याच्या लॅपटॉपवर पांढराफटक किंवा मळका दिसतो. फॉरमॅट ‘मोस्ट कम्पॅटिबल’ ठेवा. त्यात १०८०पीचा ३० फ्रेमने मिनिटाला साधारण १३० एमबी जातो, बचतीच्या फॉरमॅटमध्ये ६०. पण बचतीचा सगळ्या कॉम्प्युटरांवर उघडेलच असं नाही. चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड दोन्ही पक्के होतात. हे केलं नाही तर सीनमध्ये हात वर गेला की चित्र आपोआप उजळतं आणि परत मंदावतं.

विमान मोड चालू. सीनच्या ऐन मध्यावर बँकेचा कॉल येतो, हा नियमच आहे.

टेपचा क्रम मागणाऱ्याने दिला असेल तर तोच. दिला नसेल तर नेहमीचा असा: परिचय, प्रोफाइल, हात, पूर्ण उंची, मग सीन. परिचयात नाव, वय, उंची, शहर, कुठल्या भाषा येतात, कुठल्या तारखा मोकळ्या आहेत. हे लेन्समध्ये बघून, वीस-तीस सेकंदांत. उंची खरी सांगा. पाच फूट एकला पाच चार म्हटलं तर ते लूक टेस्टला नायकाशेजारी उभं केल्यावर सगळ्यांसमोर उघडं पडतं. प्रोफाइल म्हणजे डावी बाजू, उजवी बाजू, केस कानामागे. हात दोन्ही बाजूंनी.

सीनमध्ये मात्र लेन्समध्ये बघायचं नाही, जाहिरातीच्या स्क्रिप्टमध्ये मुद्दाम सांगितलं असेल तरच. समोरच्या पात्राचे संवाद देणारी व्यक्ती फोनला खेटून उभी राहील, तिचे डोळे लेन्सच्या उंचीला आणि इतके जवळ की मुलीचे दोन्ही डोळे कॅमेऱ्याला दिसतील. लांब उभी राहिली तर टेपभर प्रोफाइलच येतं. क्यू, म्हणजे हे समोरचे संवाद, देणारी व्यक्ती फोनजवळ असल्याने फोनच्या माइकवर तिचाच आवाज मोठा येतो. कॉलर माइक असला की हा घोळ आपोआप मिटतो. तिने अभिनय करायचा नाही. सपाट, स्पष्ट आणि हळू वाचायचं. काकांना नाटकाची हौस असेल तर त्यांना या कामाला घेऊ नका.

संवादाचा कागद लेन्सच्या शेजारी चिकटवणं ही सगळ्यात जास्त पकडली जाणारी चूक. डोळे डावीकडून उजवीकडे सरकतात आणि परत येतात, अगदी ठरावीक तालात. एखादा शब्द चुकला तर चुकू द्या, पण वाचू नका. दोन टेक पाठवा, आणि दुसरा खरोखर वेगळा असू द्या: पहिल्यात ती रागावून बोलत असेल तर दुसऱ्यात तेच शब्द राग गिळून. त्याच सुराचे पाच टेक पाठवले तर तीन न बघताच राहतात.

पाठवणं

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो दाबला जातो आणि एवढी सगळी मेहनत चिखल होते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातो. मेलवर २५ एमबीच्या पुढे फाइल बसत नाही, म्हणून ड्राइव्हची लिंक, आणि तिला ‘लिंक असलेल्या कुणालाही बघता येईल’ अशी परवानगी देऊन. ती दिली नाही म्हणून परवानगी मागणारा मेल रात्री अकराला येतो, सकाळी बघेपर्यंत तिथे दुसरीचं नाव लागलेलं असतं. फाइलचं नाव ‘व्हिडिओ फायनल फायनल २’ नको. मुलीचं नाव, भूमिका, सीन, टेक.

पाठवण्याआधी फोनच्या कॅमेऱ्यातलं ‘लोकेशन’ बंद आहे ना बघा, नाहीतर घराचा ठावठिकाणा व्हिडिओच्या आत बसून जातो. परिचयात सोसायटीचं नाव, कॉलेजचं नाव सांगू नका, शहर पुरे. आणि सीनच्या नावाखाली अंग उघडं करायला सांगणारी टेप कुणीही मागितली तर ती ऑडिशन नव्हे. तो नंबर बंद करा, आधी स्क्रीनशॉट घेऊन.

पैशांचंही तसंच. निवड झाली, आता ‘रजिस्ट्रेशन’, ‘आर्टिस्ट कार्ड’ किंवा ‘कॉस्च्युम डिपॉझिट’ म्हणून रक्कम भरा, असा निरोप आला की समजावं, हे काम देणारं ऑफिस नाही. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. मुलगी अठराच्या आतली असेल तर टेप, फोन नंबर आणि बोलणं पालकांच्याच नावाने. चौदाच्या आतल्या मुलींसाठी २०१७ च्या बालकामगार नियमांत सगळं आकड्यांत लिहिलेलं आहे: निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, दिवसाला ५ तासांहून जास्त काम नाही, सलग ३ तासांनंतर विश्रांती, सलग २७ दिवसांहून जास्त काम नाही, आणि मोबदल्याचा किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलीच्या नावाने ठेव म्हणून. टेप निवडली गेल्याचा फोन आला की आनंदाच्या भरात हे विचारायचं राहून जातं, आणि नंतर विचारलं की पालक ‘किरकिरे’ ठरतात. पहिल्या फोनलाच विचारा.

तासावर स्टुडिओ

अंधेरी-वर्सोव्यात ऑडिशनसाठी खोल्या तासाच्या भाड्याने मिळतात. दिवे लावलेले, कापड टांगलेलं, काही ठिकाणी क्यू द्यायला माणूसही. घरात सहा माणसं आणि एक खोली असेल, किंवा भूमिका मोठी असेल, तर हा खर्च किटपेक्षा शहाणपणाचा. फोन करताना तीन गोष्टी विचारा: आवाज वेगळ्या माइकवर घेतात का, क्यू देणारा भाड्यात धरलाय का, आणि मूळ फाइल लगेच हातात मिळते का. तिसऱ्याचं उत्तर ‘एडिट करून उद्या देतो’ असं आलं तर दुसरी खोली बघा. आणि खोली चांगली असली तरी शेजारच्या खोलीत दुसरी कुणी तोच सीन रडून करत असते, पातळ पार्टिशनमधून तो तुमच्या टेपमध्ये येतो. आत जाऊन दोन मिनिटं गप्प उभं राहा, मगच पैसे द्या.

टेप गेल्यावर मूळ फाइल पुसू नका आणि तो कुर्ताही धुवून परत कपाटाच्या तळाशी जाऊ देऊ नका. कॉलबॅक, म्हणजे पुढच्या फेरीचं बोलावणं, आला तर बऱ्याचदा ‘टेपमध्ये होती तशीच या’ असं सांगतात: तेच कपडे, तेच केस, तीच टिकली.